साक्षीदाराची कर्तव्ये, दिवाणी दाव्यातील

दिवाणी दाव्यातील वादविषयाची माहिती असल्यामुळे ती न्यायालयापुढे सांगण्यासाठी ज्याला बोलाविण्यात येते, अशा व्यक्तीवर कायद्याने किंवा परंपरेने येणारी बंधने. ठरल्या वेळी व ठिकाणी हजर होणे, शपथ किंवा प्रतिज्ञा घेणे, विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे, ताब्यातील कागदपत्रे दाखविणे आणि परवानगी मिळेपर्यंत न जाणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. वादी व प्रतिवादी आपापल्या हितासाठी न्यायालयात येतात. साक्षीदाराचे मात्र दाव्यात बहुधा काहीच गुंतलेले नसते. शेजारच्या शेताची हद्द त्याला ठाऊक असते, कर्जरोख्यावरील सही त्याच्यादेखत झालेली असते किंवा दत्तकविधानाच्या वेळी तो मांडवात हजर असतो. एवढ्याच कारणाने त्याचा दिवस, त्याची मजुरी आणि प्रसंगी शेजाऱ्याशी असलेला स्नेह पणाला लागतो. दुसऱ्याच्या वादासाठी तिऱ्हाइतावर किती भार टाकावा आणि त्या बदल्यात त्याला काय द्यावे, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक न्यायव्यवस्थेपुढे उभा राहिला. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या कर्तव्यामागील प्रेरक शक्ती धर्मभय, गोताचा दाब आणि राज्याची आज्ञा अशा क्रमाने बदलत गेली. साक्षीदाराचेही न्यायसंस्थेवर काही ऋण असते, ही जाणीव या सर्व कालखंडांत कमीअधिक प्रमाणात आढळते. तिची अंमलबजावणी मात्र अपुरीच राहिली.

प्राचीन भारत : पाणिनीने ‘साक्षिन्’ या शब्दाची व्युत्पत्ती ‘प्रत्यक्ष पाहणारा’ अशी दिली आहे. मनुस्मृतीही प्रत्यक्ष पाहणे व ऐकणे यांवरच साक्ष सिद्ध होते, असे मानते. नारदस्मृतीत साक्षीदारांचे अकरा प्रकार सांगितले असून, त्यांतील पाच ‘कृत’ म्हणजे पक्षकारांनी मुद्दाम नेमलेले आणि सहा ‘अकृत’ म्हणजे आपोआप माहितगार झालेले होत. मरणोन्मुख किंवा परदेशी निघालेल्या साक्षीदाराकडून हकीकत ऐकून ठेवणारा ‘उत्तरसाक्षी’ हा कृत प्रकारांपैकी एक होय. सामान्यतः किमान तीन साक्षीदार असावेत, असा याज्ञवल्क्याचा नियम आहे; तथापि उभय पक्षांना मान्य असलेला एकच धर्मज्ञ साक्षीदार पुरेसा मानला जाई.

साक्ष न देणे हा स्मृतिकारांच्या दृष्टीने स्वतंत्र दोष होता. आजारी नसताना जो तीन पंधरवड्यांच्या आत ऋणादी व्यवहारांत साक्ष देत नाही, त्याच्यावर ते सर्व ऋण पडते आणि शिवाय एक-दशांश दंड द्यावा लागतो, असे मनूने सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही हाच नियम असून, तेथे वसुलीचा दिवस सेहेचाळिसावा म्हणून नेमका ठरविला आहे. पंचेचाळीस दिवसांची मुदत, आजाऱ्याला सूट आणि मुदत उलटताच दंड, अशी ही आखीव तरतूद आहे. धनकोचे जे नुकसान साक्षीदाराच्या मौनाने होते, ते त्या मौन पाळणाऱ्यानेच भरून द्यावे, हे तिच्यामागील तत्त्व होय. माहिती असूनही साक्ष न देणारा पाप व दंड या दोन्ही बाबतींत कूटसाक्षीच्या, म्हणजे खोट्या साक्षीदाराच्या, बरोबरीचा होय, असेही याज्ञवल्क्याने स्पष्ट केले आहे.

खोटी साक्ष देणाऱ्याला ऐहिक व पारलौकिक अशा दोन्ही प्रकारच्या शिक्षा सांगितल्या आहेत. मनूने दंडाची रक्कम खोटेपणाच्या हेतूवरून ठरविली आहे : लोभ, मोह, भय, मैत्री, काम, क्रोध, अज्ञान आणि पोरकटपणा अशा आठ कारणांना वेगवेगळे दंड असून, अज्ञान व पोरकटपणा यांना सर्वांत हलके दंड आहेत. पारलौकिक फळांची चढती श्रेणीही लक्षणीय आहे. पशूंविषयी खोटे बोलणारा पाच आप्तांचा, गाईविषयी दहांचा, घोड्याविषयी शंभरांचा आणि माणसाविषयी हजारांचा घात करतो; भूमीविषयी खोटे बोलणारा मात्र सर्वांचाच घात करतो, असे सांगितले आहे. शेतजमीन हाच जेथे उपजीविकेचा मुख्य आधार, तेथे जमिनीच्या वादातील साक्षीला सर्वांत मोठी जोखीम चिकटविली जावी, हे स्वाभाविक होते.

साक्षीदारांना पूर्वाह्णी, शुचिर्भूत अवस्थेत, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून, देव व ब्राह्मण यांच्या सन्निध आणि दोन्ही पक्षांच्या समक्ष प्रश्न विचारावेत, असा विधी होता. या विधीत वर्णभेद शिरलेला होता. ब्राह्मणाला केवळ ‘सांग’ असे म्हणावयाचे, तर शूद्राला सर्व पातकांची भीती घालावयाची, असा फरक मनूने केला आहे. राजा, श्रोत्रिय, कारागीर, नट इत्यादींना साक्षीदार करू नये, असाही नियम होता. यांतील काहींना कामाच्या स्वरूपामुळे किंवा प्रतिष्ठेमुळे सूट होती, तर काहींवर अविश्वास होता.

साक्षीदाराच्या सोयीचा विचार कौटिलीय अर्थशास्त्रात विशेष दिसतो. पक्षकाराने स्थळाने व काळाने दूर नसलेले साक्षीदार स्वतः आणावेत. दूर असलेल्यांना किंवा येण्यास नाखूश असलेल्यांना राजाज्ञेने आणवावे, असे तेथे म्हटले आहे. हरणाऱ्या पक्षाने माणसांचा भत्ता आणि त्या वेळच्या दरांप्रमाणे वाटखर्च द्यावा, अशीही तरतूद आहे. काही अभ्यासक ती साक्षीदारांना लागू मानतात. आज्ञेचे बळ आणि वाटखर्च ही आधुनिक समन्साची दोन अंगे अशा रीतीने येथे बीजरूपाने आढळतात. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याण येथील राजधानीत इ. स. सुमारे ११०० मध्ये लिहिलेली मिताक्षरा ही टीका महाराष्ट्रात प्रमाण मानली गेली. सतराव्या शतकातील नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूखानेही साक्षिप्रकरणाचा परामर्श घेतला आहे.

मध्ययुग व मराठेशाही : दख्खनमधील सुलतानी अंमलात काजी व मजलिस यांच्याद्वारे इस्लामी न्यायविचाराचा परिचय झाला. कर्जव्यवहाराविषयीच्या कुराणातील आदेशात साक्षीदारांनी बोलावल्यावर नकार देऊ नये असे सांगितले असून, लेखकाला व साक्षीदाराला इजा पोहोचू नये, असेही त्याच ठिकाणी बजावले आहे. साक्षीदाराचे कर्तव्य आणि त्याचे संरक्षण यांची अशी एकत्र मांडणी फार थोड्या प्राचीन विधानांत आढळते. ‘महजर’ हा शब्द याच काळात मराठीत रूढ झाला. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यांच्या नावांनिशी व निशाण्यांनिशी तयार झालेला हा लेख असे.

मराठेशाहीत वतन, हद्द, पाटीलकी व वाटणी यांविषयीचे तंटे गोतसभेपुढे चालत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार यांचा तीत समावेश असे. वादी-प्रतिवादींकडून तकरिरी व जामीनकतबे घेतल्यावर साक्षीदारांच्या, म्हणजे ‘गोहीं’च्या, जबान्या होत. येथे साक्षीदार हा एकटा माणूस नसे. वतनाच्या वादात ‘समस्त पांढरी’ म्हणजे सारी गाववस्तीच विचारली जाई आणि तिचे म्हणणे निवाड्याचा आधार ठरे. पाटील नांगराची निशाणी करी. बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. आजचा साक्षीदार वस्तुस्थिती सांगून निघून जातो. मराठेशाहीतील गोही महजरावर निशाणी करून निवाड्याचा कायमचा जामीन होत असे. पुढे तोच तंटा उकरून काढला गेला, तर त्याच्या मुलानातवंडांनाही त्या निशाणीची आठवण दिली जाई.

गावच्या शिवेचा वाद असेल, तर महाराची साक्ष विशेष वजनाची मानली जाई. शिवेची राखण हे त्याच्या वतनी कामापैकी एक होते. त्यामुळे खुणेचे दगड, ओढे व झाडे यांची पिढीजात माहिती त्याच्याकडे असे. ज्या समाजव्यवस्थेने त्याला गावकुसाबाहेर ठेवले, तीच व्यवस्था आपल्या सीमेचा निर्णय त्याच्या शब्दावर सोडीत असे. साक्षीचे मोल सामाजिक प्रतिष्ठेपेक्षा प्रत्यक्ष ज्ञानावर ठरावे, हे तत्त्व स्मृतींच्या वर्णक्रमाला छेद देऊन व्यवहारात असे रुजलेले दिसते.

साक्ष बहुधा देवळात किंवा नदीकाठी घेतली जाई. हातात बेलभंडार देऊन, पूर्वजांच्या गतीची आठवण करून देऊन खरे बोलण्यास सांगण्यात येई. साक्षीपुराव्याने निर्णय लागेना, तर शपथेची ‘क्रिया’ किंवा दिव्य यांचा अवलंब होई. उकळत्या तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य हा त्यांतील परिचित प्रकार होय. स्थानिक गोत एका पक्षाकडे झुकलेले आहे असे वाटल्यास दुसऱ्या ठिकाणचे गोत, म्हणजे ‘परस्थळ’, मागण्याची सोय होती. तिच्यामुळे साक्षीदारांवरील स्थानिक दडपणही काहीसे टळत असे. बोलावूनही न येणाऱ्याकडे सरकारी माणूस जाई आणि त्याचा खर्च ‘मसाला’ म्हणून त्या न येणाऱ्याकडूनच वसूल होई. निवाड्यानंतर जिंकणाऱ्याने ‘हरकी’ व हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’ सरकारात भरावयाची असे. साक्षीदाराला स्वतंत्र भत्ता देण्याचा नियम मात्र या पद्धतीत स्पष्टपणे आढळत नाही. गावातल्या तंट्यात गावाने साक्ष देणे हा वतनी व्यवहाराचाच एक भाग समजला जात असावा.

ही पद्धत गाव एकसंध असेपर्यंत परिणामकारक होती. गाव दुभंगला की तिची मर्यादा उघड होई. मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात पंचायतीच्या लोकप्रियतेबरोबरच तिच्या दिरंगाईचीही नोंद आहे. पक्षकारांना व साक्षीदारांना हजर करण्याची सत्ता पंचांच्या स्वतःच्या हाती नसे. त्यासाठी त्यांना सरकारी अंमलदारावर विसंबून राहावे लागे.

इंग्रजी कायद्याची पार्श्वभूमी : साक्षीदारास सक्तीने हजर करण्याची कल्पना इंग्लंडमध्येही उशिराच स्थिरावली. प्रारंभीच्या ज्यूरी स्वतःच्याच माहितीवर निर्णय देत. त्यामुळे बाहेरच्या साक्षीदाराची आवश्यकता कमी होती. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॅन्सरी न्यायालयाने ‘सपीना’ हा आज्ञालेख प्रचारात आणला. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘दंडाच्या भीतीखाली’ असा आहे. सामान्य न्यायालयांपुढील साक्षीदाराचे कर्तव्य १५६२–६३ च्या अधिनियमाने ठरविले गेले. आज्ञालेख बजावला असता आणि वाजवी खर्च हातात ठेवला असता जो साक्षीदार सबळ कारणाशिवाय गैरहजर राहील, त्याला दहा पौंड दंड आणि पीडित पक्षाला नुकसानभरपाई, असा तो नियम होता. खर्च हाती पडल्याशिवाय कर्तव्य सुरू होत नाही, हे या अधिनियमाचे वैशिष्ट्य होय. चॅन्सरीत साक्षीदारांच्या जबान्या आयुक्तांमार्फत लेखी प्रश्नावलीवर घेतल्या जात. न्यायालयाबाहेर साक्ष नोंदविण्याची आयोगाची पद्धत तेथून पुढे आली.

ब्रिटिश अंमल व शपथेचा प्रश्न : मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने दिवाणी न्यायालयांची रचना व कार्यपद्धती निश्चित केली. साक्षीदाराचे कर्तव्य आता गोताऐवजी सरकारी न्यायालयाच्या शिक्क्याशी जोडले गेले. या संक्रमणात सर्वांत मोठी अडचण शपथेची निघाली. कंपनीच्या न्यायालयांत हिंदूंना गंगाजलावर व मुसलमानांना कुराणावर शपथ घ्यावी लागे. पापभीरू व प्रतिष्ठित लोकांना ती अपमानास्पद किंवा धर्मबाह्य वाटे. शपथेमुळे खरे बोलण्याची खात्री पटण्याऐवजी खरे बोलू शकणारी माणसेच न्यायालयापासून दूर राहत. १८४० च्या पाचव्या अधिनियमाच्या प्रास्ताविकात, लोकांच्या सदसद्‌विवेकबुद्धीस व भावनांस न रुचणाऱ्या अशा शपथांमुळे न्यायाच्या मार्गात अडथळा येतो, हे सरकारने स्वतःच मान्य केले आणि हिंदू व मुसलमान साक्षीदारांसाठी ईश्वराला स्मरून करावयाची गंभीर प्रतिज्ञा ठरवून दिली.

तथापि जुनी परंपरा एकदम लोपली नाही. १८७३ च्या शपथ अधिनियमाने एका पक्षाला अशी तयारी दाखविण्याची मुभा दिली की, प्रतिपक्षाने किंवा साक्षीदाराने अमुक विशिष्ट शपथ घेऊन सांगितल्यास ते आपणास बंधनकारक राहील. अशी शपथ घेतली गेल्यास ते कथन ती तयारी दाखविणाऱ्याविरुद्ध निर्णायक पुरावा ठरे. ही शपथ संबंधित जातिधर्मात बंधनकारक मानली जाणारी, न्याय व सभ्यता यांना न सोडणारी आणि तिऱ्हाइतावर परिणाम न करणारी असावी लागे. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घ्यावयाच्या शपथेसारखे प्रकार त्यामुळे वर्ज्य ठरत. ती घेण्याची सक्ती कोणावरही करता येत नसे. गोतसभेतील ‘क्रिया’च अशा प्रकारे इंग्रजी कायद्याच्या चौकटीत जवळजवळ एक शतक टिकून राहिली. १९६९ च्या शपथ अधिनियमाने ही तरतूद गाळली. त्या अधिनियमानुसार साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा केवळ गंभीर प्रतिज्ञा करू शकतो. दोहोंचे बंधन सारखेच आहे. बारा वर्षांखालील मुलाला सत्य बोलण्याचे कर्तव्य कळते, पण शपथेचे स्वरूप कळत नाही, असे न्यायालयाला वाटल्यास त्याची साक्ष शपथेविना घेता येते.

संहिताकरण : दिवाणी कार्यपद्धतीचे एकसूत्रीकरण १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने सुरू झाले. १८७७ व १८८२ मधील संहितांनंतर १९०८ ची संहिता आली व १ जानेवारी १९०९ पासून ती अंमलात आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला भारतीय पुरावा अधिनियम १ सप्टेंबर १८७२ रोजी लागू झाला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली असून, साक्षीदारांविषयीचे मूळ नियम त्यात बहुतांशी कायम आहेत. या कायद्यांवरून साक्षीदाराची कर्तव्ये पुढीलप्रमाणे सांगता येतात.

उपस्थिती : समन्स मागणाऱ्या पक्षाने साक्षीदाराचा प्रवासखर्च व भत्ता न्यायालयात आधी भरावा लागतो. तयारीस व प्रवासास पुरेसा अवधी राहील अशा बेताने समन्स बजावावे लागते. त्यानंतर हजर होणे बंधनकारक असून, न्यायालयाने अन्यथा आदेश दिला नाही, तर दाव्याचा निकाल होईपर्यंत प्रत्येक तारखेस यावे लागते. सबळ कारणाशिवाय न येणाऱ्याविरुद्ध उद्‌घोषणा, अटकेचे अधिपत्र, मालमत्तेची जप्ती व दंड असे उपाय आहेत. संहितेच्या सर्वसाधारण तरतुदीतील दंडाची कमाल मर्यादा १९९९ च्या दुरुस्तीने पाचशेवरून पाच हजार रुपये झाली. गैरहजेरीचे समाधानकारक कारण दाखविल्यास जप्ती उठविली जाते. न्यायालयात सहज हजर असलेल्या व्यक्तीलाही न्यायालय तेथल्या तेथे साक्ष देण्यास सांगू शकते.

हे कर्तव्य अंतराने मर्यादित आहे. न्यायालयाच्या स्थानिक अधिकारक्षेत्राबाहेर राहणाऱ्या साक्षीदाराला त्याचे निवासस्थान शंभर किमी.च्या आत असेल, तरच जातीने येण्याचा आदेश देता येतो. पाच-षष्ठांश वाटेवर रेल्वे, आगबोट किंवा अन्य सार्वजनिक वाहन असेल, तर ही मर्यादा पाचशे किमी.पर्यंत वाढते. १९७६ पूर्वी ती अनुक्रमे पन्नास व दोनशे मैल होती. विमानाचे भाडे दिल्यास याहून दुरूनही बोलावता येते. अधिक दूरचे, आजारी किंवा अपंग साक्षीदार यांची साक्ष आयोगामार्फत त्यांच्या ठिकाणी घेतली जाते. रूढीनुसार लोकांत न वावरणाऱ्या स्त्रियांना जातीने हजर राहण्यापासून सूट आहे. पूर्वी सरकार प्रतिष्ठेच्या कारणास्तव व्यक्तींना सूट देऊ शकत असे. १९५६ च्या दुरुस्तीने ही सवलत मुख्यतः राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, सभापती, वरिष्ठ न्यायालयांचे न्यायाधीश अशा पदांशी जोडली.

सत्यकथन : साक्षीदाराने स्वतः पाहिलेले किंवा ऐकलेले सांगावयाचे असते, ऐकीव गोष्टी सांगणे त्याच्या कर्तव्यात येत नाही. प्रथम सरतपास, नंतर प्रतिपक्षाची उलटतपासणी आणि आवश्यक तर फेरतपासणी असा क्रम असतो. घटनेच्या सुमारास स्वतः केलेले टिपण पाहून स्मृती ताजी करण्याची त्याला मुभा आहे. ‘आठवत नाही’ असे प्रामाणिक उत्तर देणे हा कर्तव्यभंग नव्हे; आठवत असताना तसे म्हणणे हा मात्र खोटेपणाच होय. जाणूनबुजून खोटी साक्ष देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. ही शिक्षा १८६० च्या भारतीय दंड संहितेत होती आणि भारतीय न्याय संहिता, २०२३ मध्येही आहे. असा खटला संबंधित न्यायालयाच्या तक्रारीवरूनच चालतो. हरलेल्या पक्षकाराला सूड म्हणून साक्षीदारावर तो थेट लावता येत नाही. पुरावा अधिनियमाने साक्षीदारांची किमान संख्या ठरविलेली नाही. तीन साक्षीदारांचा स्मृतिनियम त्यामुळे मागे पडला आणि एकाच विश्वसनीय साक्षीवर निर्णय देणे शक्य झाले.

उत्तर देण्याची सक्ती व तिच्या मर्यादा : प्रश्न वादविषयाशी संबद्ध असेल, तर त्याच्या उत्तराने आपण गुन्ह्यात गोवले जाऊ, या कारणासाठी साक्षीदाराला गप्प राहता येत नाही. इंग्लंडमध्ये साक्षीदाराला तसा विशेषाधिकार होता; भारतीय कायद्याने वेगळी वाट धरली. येथे उत्तर सक्तीने घेतले जाते, परंतु असे सक्तीने मिळविलेले उत्तर, खोट्या साक्षीचा खटला वगळता, त्याच्याविरुद्ध फौजदारी कारवाईत वापरता येत नाही. संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदातील स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचे संरक्षण आरोपीपुरते असल्याने, दिवाणी साक्षीदाराला हीच तडजोड लागू पडते. वैवाहिक जीवनातील पतिपत्नींची परस्परांतील बोलणी, वकील व अशील यांतील गोपनीय व्यवहार आणि शासनाचे अप्रकाशित अभिलेख यांना मात्र स्वतंत्र संरक्षण आहे. कागदपत्र हजर करण्याचे समन्स आल्यास ते दाखविण्याविषयी हरकत असली, तरी कागद न्यायालयात आणावाच लागतो; हरकतीचा निर्णय न्यायालय करते. केवळ कागद हजर करणारा त्या कारणाने साक्षीदार ठरत नाही व त्याची उलटतपासणी घेता येत नाही.

साक्षीदाराचे हक्क : या कर्तव्यांच्या जोडीला काही संरक्षणे आहेत. समन्सानुसार जाता-येताना व न्यायालयात असताना साक्षीदाराला दिवाणी आदेशिकेखाली अटक करता येत नाही. चारित्र्यावर शिंतोडे उडविणारा प्रश्न वाजवी आधाराशिवाय विचारता येत नाही. अशा प्रश्नाचे उत्तर सक्तीने घ्यावे की नाही, हे न्यायालय ठरविते. केवळ अपमान करण्यासाठी किंवा छळण्यासाठी विचारलेले प्रश्न न्यायालयाने मना करावयाचे असतात. साक्षीत केलेल्या विधानांबद्दल साक्षीदारावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने भारतातून गेलेल्या एका अपिलात १८७२ साली दिला. निर्भयपणे बोलण्यासाठी हे संरक्षण दंडाच्या भीतीइतकेच आवश्यक आहे.

अलीकडील बदल : १९७६ च्या दुरुस्तीने पक्षकारांना समन्साविना साक्षीदार हजर करण्याची मुभा दिली. साक्षीदार आलेला असून पक्षकार किंवा त्याचा वकील तयार नसेल, तर न्यायालयाने साक्ष नोंदवून त्याला मोकळे करावे, असाही मार्ग तिने दाखविला. १ जुलै २००२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्त्यांनी सरतपास प्रतिज्ञापत्रावर घेण्याची आणि उलटतपासणी न्यायालयाने किंवा आयुक्ताने नोंदविण्याची पद्धत आणली. सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत, असेही ठरविले. या दुरुस्त्यांच्या वैधतेचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रतिज्ञापत्राचा नियम पक्षकाराने स्वतः आणलेल्या साक्षीदारांना लागू आहे. समन्सावरून आलेला तिऱ्हाईत पक्षकाराच्या कह्यात नसल्याने त्याच्याकडून तशी अपेक्षा करता येणार नाही. तिऱ्हाईत साक्षीदाराचे वेगळेपण त्यामुळे पुन्हा अधोरेखित झाले. महाराष्ट्रातील एका फौजदारी खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने दृक्‌श्राव्य माध्यमातून दिलेली साक्ष ग्राह्य मानली आणि पुढे दिवाणी न्यायालयांतही या साधनाचा वापर वाढला. अंतराचा जुना प्रश्न त्यामुळे काही अंशी सुटला आहे.

तुलनेसाठी अमेरिकेतील पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. तेथील संघीय न्यायालयांच्या १९३८ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांनी साक्षीदाराची तोंडी जबानी सुनावणीपूर्वी, न्यायालयाबाहेर, दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर शपथेवर घेण्याची प्रथा दृढ केली. आज्ञालेखाबरोबर एका दिवसाचा भत्ता व वाटखर्च देणे आवश्यक असून, सामान्यतः शंभर मैलांपलीकडच्या साक्षीदाराला बोलावता येत नाही. वकिलांच्या लांबलेल्या प्रश्नांपासून संरक्षण म्हणून २००० सालापासून अशी जबानी एक दिवस व सात तास एवढ्यापुरती मर्यादित करण्यात आली. भारतात सुनावणीपूर्व जबानीची अशी सर्वसाधारण पद्धत नाही. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेला आयोग हाच तिला जवळचा प्रकार होय.

समालोचन : साक्षीदाराच्या कर्तव्यांची यादी गेल्या दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही. यावे, खरे बोलावे, काही लपवू नये, हीच ती यादी होय. बदलले आहे ते कर्तव्यामागील बळ. परलोकाच्या भीतीने आणि गोताच्या डोळ्यांनी जे काम केले, ते आता समन्सावरील शिक्क्याला करावे लागते. गोताच्या निवाड्यात साक्षीदार आपल्याच गावचा व्यवहार नीट लावीत असे. आधुनिक न्यायालयात तो परक्या जागी, परक्याच्या वादासाठी, वारंवार पुढे ढकलल्या जाणाऱ्या तारखांना हजर राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका फौजदारी अपिलात साक्षीदारांची वारंवार होणारी रखडपट्टी, बसण्या-पिण्याच्या साध्या सोयींचा अभाव आणि वेळेवर न मिळणारा भत्ता यांबद्दल खेद व्यक्त केला. दिवाणी न्यायालयांनाही ती टीका लागू पडते. २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना फौजदारी गुन्ह्यांतील साक्षीदारांसाठी आहे. जमिनीच्या किंवा वारशाच्या दाव्यात शेजाऱ्याविरुद्ध बोलणाऱ्याला तिचा आधार नाही. मौन पाळणाऱ्याने धनकोचे नुकसान भरून द्यावे, असे स्मृतिकारांनी म्हटले. लेखकाला व साक्षीदाराला इजा पोहोचू नये, असे कुराणाने बजावले. खर्च हाती दिल्याशिवाय दंड नाही, असे सोळाव्या शतकातील इंग्रजी अधिनियमाने ठरविले. या तिन्ही विधानांचा आशय एकत्र घेतला, तर कर्तव्य व संरक्षण ही एकाच संबंधाची दोन अंगे ठरतात. साक्षीदाराला बोलावण्याचा न्यायसंस्थेचा अधिकार त्याचा वेळ, खर्च आणि सन्मान राखण्याच्या तिच्या जबाबदारीपासून वेगळा करता येत नाही. या जबाबदारीकडे जेथे दुर्लक्ष होते, तेथे प्रथम प्रामाणिक साक्षीदार मागे हटतो आणि त्याची जागा सरावलेला साक्षीदार घेतो.